पीडीओचे ‘फेच’: ओळ एकेक मिळते, पण निकाल आधीच येऊन बसलेला असतो

पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ७.० आवृत्तीतून मायएसक्यूएल या डेटाबेसचे जुने एक्स्टेन्शन काढून टाकल्यानंतर, त्या डेटाबेसशी बोलण्यासाठी मायएसक्यूएलआय आणि पीडीओ हे दोनच प्रचलित पर्याय उरले. त्यांपैकी पीडीओ हे पीएचपीच्या ५.१ आवृत्तीपासून तिच्यासोबतच मिळते आणि क्वेरीचा निकाल ओळीओळीने वाचण्यासाठी त्यातले ‘फेच’ हेच बहुतेकांच्या रोजच्या वापरात असते. साधन भरवशाचे आहे. मात्र त्याची मूळची सेटिंग्ज जशीच्या तशी ठेवून काम करावे, असे मी कोणालाही सुचवणार नाही.

पहिली खटकणारी गोष्ट किरकोळ आहे. ओळ कोणत्या रूपात हवी हे ठरवणारा मोड सांगितला नाही, तर प्रत्येक कॉलम ॲरेमध्ये दोनदा येतो, एकदा नावाने आणि एकदा क्रमांकाने. ‘फेच असोक’ हा फक्त नावाने कॉलम देणारा मोड कनेक्शन उघडतानाच ठरवून टाकला की हा पसारा टळतो. तरीही सभासद आणि पावत्या अशी दोन टेबले जोडणाऱ्या क्वेरीत दोन्हीकडे ‘आयडी’ नावाचा कॉलम असेल, तर नंतरचा आधीच्याला गुपचूप पुसून टाकतो आणि पावतीचा क्रमांक सभासदाचा म्हणून वापरला जातो. क्वेरीतच कॉलमांना वेगळी नावे देणे हा त्यावरचा सरळ उपाय.

खरा मुद्दा मेमरीचा आहे. ‘फेचऑल’ सगळ्या ओळी एकदम ॲरेमध्ये भरते, म्हणून मोठ्या निकालासाठी ‘फेच’ वापरावे, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धाच बरोबर आहे. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये बफरिंग मुळातच चालू असल्यामुळे, आपण पहिली ओळ मागण्यापूर्वीच संपूर्ण निकाल सर्व्हरकडून पीएचपीच्या मेमरीत येऊन बसलेला असतो, आणि मायएसक्यूएलएनडी (पीएचपीची स्वतःची मायएसक्यूएल लायब्ररी) वापरात असेल तर ती जागा मेमरी लिमिटमध्येच, म्हणजे स्क्रिप्टला ठरवून दिलेल्या मेमरीतच, मोजली जाते. ‘फेच’मुळे वाचतो तो फक्त ॲरेचा वाढीव खर्च. मराठी मजकुराच्या बाबतीत हे लवकर जाणवते, कारण यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते: शेऱ्याच्या कॉलममध्ये सरासरी ५०० चिन्हे धरली, तर १ लाख ओळींचे सुमारे १५० एमबी होतात, आणि मेमरी लिमिटची मूळ मर्यादा १२८ एमबी आहे. लूप कितीही काटकसरीने लिहिलेला असला, तरी स्क्रिप्ट त्याच्या आधीच कोसळते.

बफरिंग बंद केले की ओळी खरोखरच लागतील तशा येतात आणि लाखो ओळींची सीएसव्ही फाइल थोडक्या मेमरीत तयार होते. त्याची किंमत अशी, की सगळ्या ओळी वाचून होईपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालवता येत नाही. लूपच्या आत एखादे अपडेट टाकले, की २०१४ क्रमांकाची एरर समोर उभी राहते. अशा वेळी लिहिण्यासाठी वेगळे कनेक्शन उघडावे, आणि वाचन अर्ध्यावर सोडायचे असल्यास उरलेला निकाल सोडून देणारे ‘क्लोजकर्सर’ आठवणीने बोलवावे. रोजच्या पानापानाने दाखवायच्या याद्यांसाठी मात्र बफरिंग चालूच ठेवलेले बरे. तिथे ही उठाठेव कशासाठी?

एकच कॉलम हवा असेल, तर ‘फेचकॉलम’ सोयीचे आहे, पण ते ‘व्हाइल’च्या अटीत थेट ठेवू नये. थकलेल्या हप्त्यांचा कॉलम वाचताना ज्या सभासदाचा आकडा ० असेल, तिथेच लूप थांबतो, कारण अटीत ० हे ‘फॉल्स’ (असत्य) धरले जाते; एररही येत नाही आणि यादी अपुरी छापली जाते. अटीत ‘फॉल्स’शी काटेकोर, म्हणजे प्रकारासकट, तुलना केली, की ही अडचण दूर होते.

जुन्या आवृत्तीवरून येणाऱ्यांनी पीएचपी ८.१ मधला बदल लक्षात घ्यावा. तिथपासून एम्युलेटेड प्रिपेअर (क्वेरीत किमती भरण्याचे काम सर्व्हरऐवजी पीडीओनेच करणे) चालू असतानाही पूर्णांक हे पूर्णांक म्हणूनच मिळतात, त्यामुळे तीन बरोबरच्या चिन्हांनी ‘१’ या मजकुराशी केलेल्या जुन्या तुलना चुकीच्या ठरतात. डेसिमल कॉलम मात्र आजही मजकूर म्हणूनच येतो, आणि रुपये-पैशांच्या हिशेबासाठी ते योग्यच आहे.