वारसनोंदीच्या नावाखाली हक्कसोड: बहिणींनी सही करण्याआधी हे वाचा

वडिलांचं तेरावं झालं की काही दिवसांत भावाचा फोन येतो. "ताई, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लावायचीत, तालुक्याला येऊन तेवढी सही करून जा." बहीण येते. दुय्यम निबंधक कार्यालयात तिचा फोटो निघतो, यंत्रावर अंगठा घेतात, ओळख पटवणारे दोघं सही करतात, आणि ती संध्याकाळी सासरी परतते. वर्षा-दोन वर्षांनी सातबारा काढला की कळतं, त्या दिवशी आपण हक्कसोडपत्र करून दिलं.

ही फसवणूक जागेवरच ओळखता येते. वारसनोंदीसाठी कोणालाही रजिस्ट्री ऑफिसात जावं लागत नाही. ती नोंद तलाठ्याकडे होते: मृत्यूचा दाखला, अर्ज आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन अर्जही करता येतो. तलाठी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद, धरतो, नोटीस काढतो, हरकतीसाठी 15 दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. यात रजिस्ट्रीसारखा अंगठा नाही, फोटो नाही. तुम्हाला रजिस्ट्री ऑफिसात कॅमेऱ्यासमोर बसवलं, तर तो कागद वारसनोंदीचा नाही, कोणी काहीही सांगो.

कागद हातात आला की आधी शेवटचं मिळकतीचं वर्णन वाचा. बोलणं एका गटाचं झालेलं असतं आणि वर्णनात सगळे गट, गावातलं घर, शहरातला प्लॉट, शिवाय "व इतर सर्व स्थावर मिळकती" असं एक वाक्य घुसवलेलं असतं. मग "राजीखुशीने, विनामोबदला, कायमचा हक्क सोडून देत आहे" ही ओळ शोधा. ती असेल तर सही करू नका, मसुदा घेऊन स्वतःच्या वकिलाकडे जा. भावाने आणलेला वकील भावाचाच असतो. सही होऊन गेली असेल तर सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, काढा. त्याच्या पहिल्याच रकान्यात विलेखाचा, म्हणजे दस्ताचा, प्रकार छापलेला असतो.

दुसरा प्रकार आणखी सोपा. प्रतिज्ञापत्रात मुलींची नावंच घालायची नाहीत. नोटीस गावच्या चावडीवर लागते, बहीण दुसऱ्या जिल्ह्यात, पंधरा दिवस कधी गेले ते तिला कळत नाही. म्हणून वडील गेल्यावर 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावाच्या फेरफार नोटिसा स्वतः बघत राहा.

या दोन फसवणुकींवरचे उपाय मात्र वेगवेगळे आहेत, आणि इथेच लोकांची वर्षं वाया जातात. नाव वगळून फेरफार झाला असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येतं. मुदत गेली तरी हिस्सा संपत नाही, कारण फेरफाराने मालकी ठरत नाही. वडिलांची जमीन स्वकष्टार्जित असेल आणि मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी असतील, तर मृत्युपत्र नसताना हिंदू वारसा कायद्याने प्रत्येकाचा चौथा हिस्सा, सातबारा काहीही म्हणो. वडिलोपार्जित जमिनीत 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे. त्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. "लग्नात खर्च केला" म्हणून हा हक्क जात नाही.

नोंदणीकृत हक्कसोडपत्राचं तसं नाही. ते तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी कोणीही रद्द करू शकत नाही, दिवाणी न्यायालयातच दावा लावावा लागतो. मुदत 3 वर्षं, फसवणूक कळली त्या दिवसापासून. म्हणून कधी आणि कसं कळलं याचा पुरावा जपा: सातबाऱ्याच्या प्रतीवरची तारीख, नकलेसाठी केलेला अर्ज, भावाशी झालेले मेसेज. त्याच दाव्यात जमीन विकायला मनाई मागा, आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. नाहीतर निकाल लागेपर्यंत जमीन तिसऱ्याच्या नावावर गेलेली असते आणि तो म्हणतो, मला काही माहीतच नव्हतं.

मधल्या काळात भाऊ समजुतीचे म्हणून थोडे पैसे देऊ करतो. ते घेऊन पावतीवर सही केली, तर पुढे तोच कागद मोबदला पोचल्याचा पुरावा म्हणून न्यायालयात येतो.