टेक कंपन्यांवर कर: गोव्याच्या पदरात काय पडतं?

'गूगल-अ‍ॅमेझॉनवर कर लावा आणि गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात) खाटा वाढवा' या मागणीला कोणीही मान डोलावेल. मात्र कर कोणत्या पद्धतीचा, यावर बरंच अवलंबून आहे. पर्याय तोलताना दोनच गोष्टी बघा: शेवटी भरतो कोण आणि पैसा येतो कुठे.

सर्वात गाजलेला पर्याय म्हणजे उलाढालीवरचा कर. भारताने २०१६ मध्ये परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के इक्वलायझेशन लेव्ही (या कराचं सरकारी नाव) लावली, २०२० मध्ये ई-कॉमर्सवर २ टक्के. कंपनीने नफा आयर्लंडमध्ये दाखवला की सिंगापूरमध्ये, याच्याशी देणंघेणं नाही. पैसे दिले, की कर लागू. गोम अशी, की हे ६ टक्के कापून भरायची जबाबदारी जाहिरात देणाऱ्यावर होती. कळंगुटच्या हॉटेलवाल्याने वर्षाला लाख रुपयांच्या वर जाहिरात केली आणि कर न कापताच कार्डावरून पूर्ण बिल वळतं झालं, तर लेव्ही पदरची. बाहेरही हेच घडलं. ब्रिटनने २ टक्के डिजिटल कर लावला, तर गूगलने जाहिरातदारांच्या बिलात तेवढेच २ टक्के चढवले. फ्रान्सच्या ३ टक्क्यांनंतर अ‍ॅमेझॉनने विक्रेत्यांचं शुल्क वाढवलं. वर अमेरिकेचा दबाव. कॅनडाने जून २०२५ मध्ये पहिला भरणा दुसऱ्या दिवसावर आलेला असताना कर मागे घेतला. भारताने २ टक्क्यांची लेव्ही ऑगस्ट २०२४ मध्ये आणि ६ टक्क्यांची एप्रिल २०२५ पासून गुंडाळली. सध्या तरी या वाटेवर आशा ठेवू नये.

नफ्यावरचा कर तत्त्वाला धरून आहे आणि ग्राहकाच्या बिलात सरळ चढवणंही कठीण. २०२१ मध्ये सव्वाशेहून जास्त देशांनी १५ टक्के किमान दर मान्य केला खरा, पण जिथे ग्राहक आहेत त्या देशांना नफ्यात वाटा देणारा करार रखडला. समजा, उद्या तो झालाच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी केंद्रीय करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला आणि त्यात गोव्याचा हिस्सा ०.३८६ टक्के होता. म्हणजे दिल्लीत जमा झालेल्या वाटपयोग्य १०० रुपयांतले जेमतेम १६ पैसे मांडवीकाठी पोचत होते. पाठिंबा जरूर द्या, फक्त त्यातून कदंब या सरकारी परिवहन मंडळाच्या नव्या बसगाड्या येतील असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

जीएसटीचं उलट आहे. नोंदणी नसलेल्या होमस्टेची खोली अ‍ॅपवरून गेली, तर तिच्यावरचा कर अ‍ॅपने भरायचा. जागा गोव्यातली, म्हणून निम्मा कर राज्याचा. जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरून मागवलेल्या हॉटेलच्या जेवणाचंही तसंच. हा पैसा खरोखर इथे येतो, साळगावच्या कचरा प्रकल्पालाही वापरता येतो. पण याला टेक कंपनीवरचा कर म्हणणं धाडसाचं, कारण भरतो पाहुणा. शिवाय २०१७ पूर्वी राज्य स्वतःचा लक्झरी टॅक्स लावत असे. आता दर जीएसटी परिषद ठरवते.

राहतो कामगार कल्याण शुल्काचा मार्ग. कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदा करून अ‍ॅपवरच्या प्रत्येक कामामागे, कामगाराला मिळणाऱ्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्के रक्कम कंपनीकडून घ्यायची सोय केली. रक्कम लहान आणि ती फक्त त्या कामगारांसाठीच्या निधीत जाते. गोमेकॉच्या खाटांना तिचा उपयोग नाही. तरीही गोवा विधानसभेच्या हातात असलेला आणि कंपनीच्या तिजोरीला थेट हात घालणारा मार्ग मला हाच दिसतो. इथे अ‍ॅप टॅक्सीचं नाव काढलं की वातावरण तापतं, तेव्हा सुरुवात पणजी-मडगावात जेवण पोचवणाऱ्या मुलांपासून केलेली बरी.

खासदाराकडे मागणी करणार असाल तर नफ्यावरच्या कराची करा. आमदार दारात आला, तर कर्नाटकासारखा कायदा कधी आणता ते विचारा आणि अ‍ॅपकडून येणाऱ्या जीएसटीचा वेगळा हिशेब विधानसभेत मागायला लावा.