इंजिनाच्या उष्णतेवर आंघोळ: मोटरहोममधल्या गरम पाण्याच्या टाकीचा पावसाळा ते उन्हाळा अनुभव

मोटरहोमसाठी गीझर कोणता घ्यावा, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: तुम्ही रोज गाडी हलवता की एका जागी चार-चार दिवस मुक्काम ठोकता? बाकी सगळी चर्चा या उत्तरानंतरची. आम्ही हलणारे आहोत. फोर्स ट्रॅव्हलरच्या लांब बॉडीत करून घेतलेलं घर, प्रवासी तीन: मी, बायको आणि सासूबाई. सासूबाईंना कढत पाण्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, त्यामुळे गरम पाण्याचा विषय आमच्याकडे फ्रिज आणि एसीच्याही आधी निघाला.

आम्ही बसवली ती १५ लिटरची आडवी स्टेनलेस स्टीलची टाकी. हिला कॅलोरिफायर म्हणतात आणि ती मुळात शिडाच्या आणि मोटरच्या बोटींसाठी बनते. टाकीच्या पोटात एक गुंडाळी असते. इंजिनाचं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) तिच्यातून फिरतं आणि भोवतीचं पाणी तापवतं. आपल्या तांब्याच्या बंबासारखाच प्रकार, फक्त मधल्या नळीत निखाऱ्याऐवजी कूलंट. शिवाय टाकीत २३० व्होल्टवर चालणारं ८०० वॉटचं एलिमेंट आहे, उभ्या गाडीसाठी.

इंजिन गरम झालं की कूलंट ८५-९० अंशांवर राहतं, आणि ती उष्णता रेडिएटर नाहीतरी बाहेर फेकूनच देतो. पुण्याहून निघून ताम्हिणी घाट उतरेपर्यंत टाकी तापलेली असते. माणगावला चहाला थांबलो की हात-तोंड धुवायला वाफाळतं पाणी मिळतं आणि त्यासाठी बॅटरीतली एक काडीही खर्च झालेली नसते. चढाला लवकर तापते, लांब उतारावर वेळ लागतो. गाडी नुसती चालू ठेवून पाणी तापवायचा विचार मात्र करू नका. डिझेल इंजिन उभ्या-उभ्या नीट तापतच नाही, आणि शेजारी तंबूत झोपलेले लोक धूर खात तुम्हाला शिव्या घालतात ते वेगळं.

आता गॅस गीझरबद्दल, कारण निम्म्या लोकांना तोच बसवायचा असतो. स्वस्त आहे, पटकन मिळतो, घरी चालतो तर गाडीत का नाही? हिशेब करून बघा. मिनिटाला सहा लिटर देणारा गॅस गीझर साधारण ११ किलोवॅटचा असतो. सात मिनिटांच्या आंघोळीत तो शंभर ग्रॅमच्या आसपास एलपीजी जाळतो आणि तेवढा गॅस पूर्ण जळायला सव्वा घनमीटरच्या वर हवा लागते. आमच्या गाडीतल्या बाथरूममध्ये एकूण हवाच दीड घनमीटर आहे! प्राणवायू संपायच्या बऱ्याच आधी ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतोच. तिथे निदान खिडकीची फट तरी असते. गाडीत गळती झाली तर एलपीजी हवेपेक्षा जड म्हणून खाली साचतो, म्हणजे नेमका फ्रिज आणि पंपाच्या वायरी असतात तिथे.

‘पण युरोपात सगळे गॅसवरच चालवतात’ हा पुढचा मुद्दा येतो. बरोबर आहे. तिकडचं ट्रुमा कॉम्बी हे यंत्र दहा लिटर पाणीही तापवतं आणि गाडीही उबदार ठेवतं. पण त्याची ज्योत बंदिस्त असते: हवा बाहेरून घेते, धूर बाहेरच सोडते, आतल्या हवेला हात लावत नाही. आपल्या दुकानातला गॅस गीझर तसा नसतो. दुसरं म्हणजे आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेनचा वाटा मोठा. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला. कडाक्याच्या थंडीत, म्हणजे गरम पाण्याची सर्वात जास्त गरज असते तेव्हाच, आपला सिलिंडर मलूल होतो. आणि ते परदेशी यंत्र मागवलंच, तर बिघडल्यावर ते उघडायची हिंमत असलेला कारागीर मला तरी अजून भेटलेला नाही.

डिझेलवर चालणारे पाण्याचे हीटर हल्ली ऑनलाइन मिळतात. हिमालयात कायम राहणाऱ्याला ते योग्य. मला नको होते, कारण स्पितीतल्या काझासारख्या ३,८०० मीटरवरच्या गावात हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असते. उंचीप्रमाणे डिझेलचं प्रमाण कमी केलं नाही तर काजळी धरते. एक जास्तीचं इंजिन सांभाळण्याएवढा माझा उत्साह नाही.

घरगुती इलेक्ट्रिक गीझर सरळ उचलून गाडीत लावणारेही पाहिलेत. तो भिंतीवर टांगायला बनवलेला असतो, खड्ड्यांतून उसळायला नाही. बहुतेकांच्या टाकीला आतून काचेसारखा थर असतो, आणि आपल्या राज्य महामार्गांवर तो किती टिकेल याची मला खात्री देता येणार नाही. शिवाय एलिमेंट दोन किलोवॅटचं.

८०० वॉट ऐकून बऱ्याच जणांना हसू येतं. घरी दोन हजारांचा असतो, हा काय चहा करायला? मुद्दाम घेतला. मालवणला किंवा हंपीला होमस्टेच्या अंगणात गाडी लावली की मालक खिडकीतून एक वायर देतो, आणि ती बहुतेक सहा अँपियरच्या सॉकेटमधून आलेली असते. तिच्यावर दोन किलोवॅट टाकले तर आधी त्यांचा फ्यूज जाणार, मग आपली अब्रू. ८०० वॉटवर १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६५ वर न्यायला साधारण एक तास लागतो. लागू दे. आपण तोवर पोहे करतो. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण मला बहुतेक रात्री अजून अशाच खिडकीतल्या वायरवर काढाव्या लागतात.

बॅटरीवरही चालतं, पण जपून. तेच पाणी तेवढंच तापवायला पाऊण युनिटच्या वर वीज लागते, इन्व्हर्टरमधली गळती धरून नऊ दशांश युनिट धरा. माझी २०० अँपिअर-तासांची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट. एका टाकीला बॅटरीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग गेला. हिवाळ्यात राजस्थानात छपरावरच्या सोलरने दुपारी ते परत भरून दिलं. कोकणातल्या पावसात सोलरकडे बघूसुद्धा नये. म्हणून आमचा नियम असा की दुसऱ्या दिवशी गाडी हलणार असेल तर रात्री बॅटरीवर पाणी तापवायचं नाही. संध्याकाळी सातला ८० अंशांवर असलेली टाकी पहाटे सहाला हाताला चांगली चटका देण्याइतकी गरम असतेच. फोमचा थर जाड आहे, पैसे वसूल होतात ते तिथे.

पंधरा लिटर कमी नाही का? नाही, कारण पाणी ८० ला असतं आणि अंगावर ४० चं लागतं. विसण घातल्यावर टाकीतल्या पाण्याच्या दुप्पट तरी आंघोळीचं पाणी होतं. आम्ही दोघं हँडशॉवरने आंघोळ करतो, अंगठ्याने दाबलं तरच पाणी सोडणारा. सासूबाई बादली-तांब्याच वापरतात आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कमी पाणी त्यांनाच लागतं.

मिक्सिंग व्हॉल्व्हवर कंजुषी करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. इंजिनावर तापलेलं पाणी ८० अंशांच्या वर जातं. घरच्या गीझरचं इतकं कढत क्वचितच असतं. नळ उघडल्यावर असं पाणी थेट हातावर आलं तर कातडी सोलून निघेल. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह टाकीच्या तोंडाशीच गार पाणी मिसळून पन्नासच्या आत ठेवतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं गाडीत असतील तर हा भाग आधी विकत घ्या, टाकी नंतर.

दुसरी वस्तू प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारा. पाणी २० वरून ८० अंशांवर गेलं की सुमारे पावणेतीन टक्के फुगतं. १५ लिटरला जवळपास ४०० मिलिलिटर. मागे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्याने त्याला परत जायला वाट नसते, मग ते रिलीफ व्हॉल्व्हमधून ठिबकतं. हे बिघाडाचं लक्षण नाही. पण आमची गाडी बांधणाऱ्याने त्या व्हॉल्व्हची नळी गाडीबाहेर काढलीच नव्हती. पलंगाखालच्या खणात सोडली होती! प्रत्येक घाटानंतर खण ओला, प्लायवूड फुगलेलं, आणि गादीला कुबट वास. त्याचं म्हणणं, ‘साहेब, थोडं तर पाणी येतं.’ शेवटी गल्लीतल्या प्लंबरने अर्ध्या तासात गाडीच्या फरशीला भोक पाडून नळी खाली सोडली, आणि जाता जाता लाइनवर फुगलेलं पाणी सामावून घेणारा एक लहान एक्स्पान्शन टँक बसवला. तेव्हापासून ठिबकणं जवळपास बंद. गाडी ताब्यात घेण्याआधी खाली वाकून ही नळी कुठे संपते ते स्वतः बघा.

कूलंटच्या कामासाठी मात्र प्लंबर नको, डिझेलचा मेकॅनिक हवा. आमच्या गाडीत केबिन हीटर होता म्हणून त्याच्याच नळ्यांना फाटा देता आला. दोन्ही नळ्यांवर बंद करायचे कॉक बसवून घ्या, गुंडाळी फुटली तर टाकी वेगळी काढून गाडी घरी आणता येते. नव्या नळ्यांमुळे कूलंट जास्त लागतं, ते गाडीत आहे त्याच प्रकारचं घाला. आणि हवा काढणं महत्त्वाचं. आत हवा अडकली की तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम करण्याआधी लेखी विचारून ठेवा.

कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकोल असतं. ते विषारी, वर चवीला गोडसर. गुंडाळीला बारीक छिद्र पडलं तर ते आंघोळीच्या पाण्यात उतरू शकतं. म्हणून कूलंटच्या बाटलीची पातळी मी रोज सकाळी बघतो, आणि गरम नळाचं पाणी चहाला किंवा डाळीला घ्यायचं नाही असा घरचा दंडक आहे. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, त्यांच्या मते गरम पाणी असताना गार पाणी पुन्हा तापवणं म्हणजे उधळपट्टी.

ऑक्टोबरमध्ये किन्नौरमार्गे स्पितीला गेलो तेव्हा खरी परीक्षा झाली. नाकोच्या पुढे रात्री पारा शून्याखाली जात होता. टाकी आत, पलंगाखाली असल्याने तिला काही झालं नाही, सकाळी पाणी पन्नासच्या आसपास मिळायचं. पण गार पाणी इतकं गार होतं की विसण बेताने घालावं लागे, आणि तिघांच्या आंघोळीला ते पुरेना. मग एक दिवसाआड. फरशीखालून जाणारी गार पाण्याची नळी आम्ही रोज रात्री रिकामी करायचो. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, आणि पहिला बळी पंपाचा किंवा मिक्सिंग व्हॉल्व्हचा जातो.

मे महिन्यात उलट तक्रार. कोकणात बाहेर घामाच्या धारा, आणि पलंगाखाली ८० अंशांची टाकी रात्रभर गादी शेकतेय. कूलंटचे ते कॉक इथेही कामाला आले: उन्हाळ्यात बंद. पण ते बोनेटजवळ आहेत, केबिनमधून फिरवता येतील असे हवे होते. कुणी नव्याने बसवत असेल तर तारेवरचा कॉक मागा.

खर्च सगळा धरून लाखाच्या थोडा आत आला. त्यात टाकीचा वाटा निम्म्याहून जास्त, बाकी व्हॉल्व्ह, नळ्या आणि दोन वेगवेगळ्या कारागिरांची मजुरी. घरगुती १५ लिटरचा गीझर याच्या दहाव्या हिश्शात येतो, हे मान्य. तुम्ही शेतावर गाडी लावून आठवडाभर तिथेच राहणार असाल तर इंजिनाची गुंडाळी तुमच्या काही कामाची नाही. साधी इलेक्ट्रिक टाकी आणि भक्कम अर्थिंग एवढ्यावर भागेल. सूर्यप्रकाश भरपूर असेल तर छपरावर काळा पाइप टाकूनही दुपारची आंघोळ होते, हसू नका, मी पाहिलंय.

देखभाल फारशी नाही. पुण्याचं पाणी मऊ, पण मराठवाड्यात बोअरचं पाणी भरलं की एलिमेंटवर पांढरा थर चढतो आणि तापायला वेळ लागू लागतो. मी टाकीत कोमट पाण्यातून सायट्रिक अ‍ॅसिड घालून दोन तास ठेवतो, मग दोनदा धुऊन काढतो. टाकीला तळाशी ड्रेन कॉक हवाच, आणि त्याला नळी लावता येईल एवढी जागा समोर मोकळी हवी; आमच्याकडे तिथे इन्व्हर्टर आलाय, त्यामुळे दर वेळी चार स्क्रू काढून तो आधी बाजूला सरकवावा लागतो.