रंग काढायला सक्रिय कोळसा: पावडर की दाणेदार?
ग्लिसरीन किंवा औषधाच्या द्रावणाचा रंग काढायचा, तर सक्रिय कोळशाची (रंग धरून ठेवणाऱ्या, बारीक छिद्रांच्या कोळशाची) पावडर टाकीत घालून साधारण अर्धा तास ढवळतात, मग फिल्टर प्रेसमधून, म्हणजे प्लेटांच्या गाळणयंत्रातून, गाळतात. कण बारीक, म्हणून काम झटपट; बॅच बघून मात्राही बदलता येते. पण प्लेटांवर काळा चोथा उरतो, तो बहुधा टाकूनच द्यावा लागतो. शिवाय पोतं फोडताना उडणारी भुकटी कामगारांच्या नाकातोंडात जाते, हे मला सगळ्यात खटकतं.

दाणेदार कोळसा उभ्या टाकीत भरून द्रव त्यातून सोडतात. सुरुवातीचा खर्च मोठा, आधी गाळलं नाही तर थर तुंबतो. मात्र रंग धरून धरून दमलेले दाणे वाफेत ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवून पुन्हा वापरता येतात. सतत चालणाऱ्या प्लांटला दाणेच घ्यावेत.