कांटूस कोलनचं ‘आक्टुस ट्रागिकुस’: काही महिने ऐकल्यानंतर

कोनराड युंगहेनेल यांच्या कांटूस कोलन या छोट्या संचाने हार्मोनिया मुंडीसाठी केलेल्या या सीडीवर जर्मन संगीतकार बाखच्या चार कॅन्टाटा (गायक आणि वाद्यांसाठीच्या, अनेक भागांच्या रचना) आहेत: बीडब्ल्यूव्ही (बाखच्या रचनांचे सूचीक्रमांक) ४, १२, १०६ आणि १९६. कॉयर (मोठा गायकसमूह) नाही, प्रत्येक आवाजाला एकच गायक. बाखच्या काळी असंच गायलं जायचं, हा संगीत-अभ्यासक जोशुआ रिफ्किन यांचा १९८१ पासूनचा दावा. वाद अजून मिटलेला नाही, पण या सुरुवातीच्या रचनांना पद्धत शोभते हे नक्की.

घ्यायची ती १०६ साठी. हीच ‘आक्टुस ट्रागिकुस’. साथीला व्हायोलिन नाहीच. दोन रेकॉर्डर (उभ्या धरायच्या बासऱ्या), दोन व्हियोला दा गांबा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) आणि कंटिन्युओ (खालच्या सुरांची सततची साथ), बस्स. सोनाटीनात, म्हणजे सुरुवातीच्या फक्त वाद्यांच्या भागात, दोन्ही रेकॉर्डर बराच वेळ एकाच सुरात चालतात, मधूनच किंचित वेगळे होतात. फोनमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू राहिलं असेल तर ही गंमत निम्मी जाते. तंबोऱ्याची जवारी मुरलेल्या कानाला गांबाच्या आतड्याच्या तारांची खरखर खटकू नये. लॅपटॉपच्या स्पीकरला मात्र त्यांचे खालचे सूर पेलत नाहीत. साधे वायरवाले हेडफोनही त्याहून बरे.

खरी कसोटी १०६ मधल्याच ‘एस इस्ट डेर आल्टे बुंड’ या भागाची. खालचे तीन आवाज ‘माणसा, तुला मरायचंच आहे’ हे फ्यूगमध्ये (एकच धून एकामागून एका आवाजाने उचलत) घोळवतात, वर सोप्रानो (सर्वांत वरचा आवाज) ‘ये, प्रभू येशू’ म्हणते आणि रेकॉर्डर शब्दांविना तिसरंच एक कोराल (चर्चमधल्या स्तोत्राची चाल) वाजवतात. मोठ्या कॉयरमध्ये या थरांचा लगदा होतो. इथे प्रत्येक थर सुटा ऐकू येतो. शेवटी सगळे गळतात, साथसुद्धा. सोप्रानो एकटी उरते, आणि तिच्यानंतर बाखने एक अख्खा रिकामा बार (तालाचं एक आवर्तन) लिहिला आहे. नेमका इथेच प्लेअर घात करतो. क्रॉसफेड चालू असेल तर पुढचा ट्रॅक त्या शांततेवर चढतो. ट्रॅकनिहाय नॉर्मलायझेशन (सगळ्या ट्रॅकचा आवाज सारखा करणं) हळू आवाजाचा ट्रॅक उगाच वर उचलतं. म्हणून क्रॉसफेड शून्य, गॅपलेस (ट्रॅकमध्ये खंड न पडणं) चालू, नॉर्मलायझेशन बंद किंवा ‘अल्बम’वर. शफल तर नकोच.

४ मध्ये धर्मसुधारक ल्यूथरची सातही कडवी ई मायनर या एकाच स्वरपट्टीत आहेत, त्यामुळे शब्द समोर नसतील तर मधे कंटाळा येतो. पाचव्या कडव्यात ‘टोडे’ म्हणजे मृत्यू या शब्दावर बास (सर्वांत खालचा पुरुष-आवाज) एकदम तळाला उडी मारतो, तेवढं चुकवू नका. १९६ बहुधा लग्नासाठीची. गोड आहे, पण पुन्हा पुन्हा लावली जात नाही. १२ चा पहिला कोरस पुढे बाखच्याच ‘बी मायनर मास’ या मोठ्या धार्मिक रचनेत ‘क्रुसिफिक्सुस’ हा भाग झाला. त्याखालची उतरती, चार बारांची खालच्या सुरांची ओळ मोजत ऐका. तिथे भरगच्च आवाज हवा असेल, तर मोठ्या कॉयरचं दुसरं रेकॉर्डिंग शोधा.