टांकसाळीची चूक की नंतरची मोडतोड? ‘एरर’ नाणं घेण्याआधी

‘एरर कॉइन’ म्हणून समोर येणारं नाणं एक तर टांकसाळीतच बिघडलेलं असतं, नाही तर बाहेर आल्यावर कुणीतरी बिघडवलेलं. पहिल्याला संग्राहक चढा भाव देतात. दुसरं बहुतेकदा धातूच्या भावावर येतं.

सगळ्यात सोपी पारख रेघेची. नाण्यावर नक्षी उमटवणाऱ्या ठशाला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ उमटते. ओरखडा खोल असतो. तिरप्या उजेडात भिंग धरलं की संपलं.

कडेचा तुकडा नसलेलं नाणं जास्त फसवतं. पत्र्यातून चकत्या पाडताना पंच आधीच्या भोकावर चढला, तर चकती चंद्रकोरीएवढी कमी निघते. इथे वजनकाटा कामाचा नाही, कारण कापलेलं नाणंही हलकंच भरणार. तुटीच्या बरोबर समोरची कड बघा. खऱ्या चुकीत ती बहुधा फिकी असते, कारण कड उभी करणाऱ्या यंत्रात तिला समोरून दाबच मिळालेला नसतो. तुटीजवळची अक्षरंही ताणलेली, पुसट होत गेलेली दिसतात. कानस मारलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत, आणि अक्षरं अर्ध्यात कापलेली.

दोन्ही बाजूंना एकच चित्र, पैकी एक उलटं आणि खोलगट, हा प्रकार महाग जातो. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच दाब पडला की असं होतं. नक्कल करणारे दोन नाणी शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळतात. मग खोलगट चित्राखाली मूळची नक्षी चेपलेली सापडते.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यात मधली चकती सरकलेली असेल तर नक्षी सांध्यावरून सलग जाते का, एवढंच पाहा. चकती आणि कडं यांवर ठसा एकदमच पडतो. नक्षी तुटली असेल तर चकती काढून पुन्हा बसवलेली आहे.

‘टांकसाळीची खूणच नाही’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला नमस्कार करावा. मुंबईचा पत्त्यातला चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूण नसतेच.

शिवराईला हे नियम लावूच नका. ती हाताने पाडलेली, ठसा चकतीहून मोठा, त्यामुळे ‘छत्रपति’मधलं एखादं अक्षर बाहेर जाणं नेहमीचंच. तिथे उलट पूर्ण अक्षरांना भाव आहे. ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयांचं दुखणं वेगळं: ते माळेत ओवले गेले. कडीच्या डाखाचा डाग, बुजवलेलं भोक, पारखण्यासाठी सराफाने मारलेले ठसे, ही सगळी नंतरची इजा. जुना चांगल्या चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झीज सोडून वजनात मोठा फरक दिसला तर हात आखडता घ्या.

पहिलंच एरर नाणं घ्यायचं असेल, तर मी फिरलेल्या ठशाचं सुचवेन. प्रजासत्ताकाचं नाणं उभ्या अक्षावर फिरवलं की मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती तिरकी किंवा उलटी दिसली तर ठसा फिरलेला होता. अखंड नाण्यात हे नंतर घडवता येत नाही. दोन अर्ध्या नाण्यांची जोड तेवढी तपासायची, त्यासाठी कडेवरून आणि दोन्ही बाजूंना कडेच्या आतून भिंग एकदा पूर्ण फिरवा आणि सांध्याची बारीक रेघ शोधा.