सुतारमामांचा कारखाना की डिझाइनचा वर्ग?

बेळगावातल्या पोराला फर्निचर शिकायचं असेल तर वाटा दोन. खानापूरकडच्या सुतारमामांकडे सुरुवातीचे दिवस रंधा-पटाशीला धार लावण्यातच जातात. पण सागवानाच्या रेषा कुठं धावतात, आपल्याकडच्या पावसाळ्यात फळी किती फुगते, हे बोटांना कळू लागतं. नमुना मात्र बहुधा गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधला!

डिझाइनच्या वर्गात आधी रेखाटन, मग छोटी प्रतिकृती. खुर्चीला स्वतःचा चेहरा असू शकतो, हे तिथं उमगतं. अमेरिकेतले नामवंत फर्निचर-कारागीर जॉर्ज नाकाशिमा फळीची चीर लपवत नसत. फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर बसवून ती मिरवत. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही १९६४मध्ये त्यांनी फर्निचर घडवलं.

फी परवडत असली, तरी माझ्या भाच्याला मी आधी वर्षभर मामांकडेच धाडीन. वर्ग नंतर.